डास चढतोय : कवाई बेटावरचे पाच दिवस

पहिला दिवस : लिहुए

चौतीस वर्षं मी डासांच्या मागे होतो. चंद्रपूर जिल्ह्यात, हिवताप विभागात. दिवसा घरोघरचे रांजण, टाक्या, कूलर तपासायचे. हत्तीरोगाची पाहणी असली की रात्री आठ ते बारा झोपलेल्या माणसांची बोटं टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं आणि शिव्या खायच्या. हत्तीरोगाचे जंतू रक्तात रात्रीच वर येतात, त्याला आम्ही काय करणार! निवृत्त झाल्यावर मुलाकडे सॅन होजेला आलो. मार्चमध्ये नातवाच्या शाळेला आठवडाभर सुट्टी होती, तर मुलाने हवाईची तिकिटं काढली. म्हणाला, "बाबा, आता पाच दिवस डास विसरा."

लिहुए विमानतळाच्या बाहेर पाय ठेवला तर पार्किंगमध्ये कोंबड्या. पाळलेल्या नव्हेत, मोकाट. पिल्लांची रांग घेऊन गाड्यांखालून ये-जा चाललेली. पॉलिनेशियन लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी होड्यांतून रानकोंबड्या आणल्या. पुढे १९८२चं इवा आणि १९९२चं इनिकी ही दोन चक्रीवादळं आली, लोकांची खुराडी उडाली आणि गावठी कोंबड्याही त्यांच्यात मिसळल्या. हवाईच्या इतर मोठ्या बेटांवर उसातले उंदीर मारायला मुंगूस आणलं गेलं. कवाईसाठीही एक पेटी आली होती म्हणे, पण मुंगसाने धक्क्यावरच्या माणसाचं बोट धरलं आणि त्याने रागाने पेटी समुद्रात टाकली. खरंखोटं देव जाणे, पण या बेटावर मुंगसाने बस्तान बसवलं नाही, म्हणून कोंबड्यांचं राज्य आहे.

हॉटेलच्या हिरवळीवर साळुंक्या भांडत होत्या. एकोणिसाव्या शतकात पिकांवरच्या अळ्या खाण्यासाठी त्या भारतातूनच इथे आणल्या. तारेवर ठिपकेदार होला. संध्याकाळी नारळीच्या झावळ्यांवर हिरव्या पोपटांचे थवे उतरले, तेच आपले, गळ्यात लाल कंठी असलेले. मागच्या झाडीत शामा गात होता. तोही आणून सोडलेला, १९३१ साली.

"एवढे पैसे घालून आपण चंद्रपूरलाच आलो का?" असं हिने विचारलं.

मी नातवाला विचारलं, हवाईचे स्वतःचे पक्षी कुठे असतात रे? त्याने फोनमध्ये बराच वेळ शोधलं आणि एका शब्दात उत्तर दिलं. "वर."

दुसरा दिवस : किलाउएआ आणि हनालेई

वर जाण्याआधी उत्तरेचा किनारा झाला. किलाउएआचा दीपस्तंभ १९१३चा. त्याच्या भोवतीच्या कड्यांवर समुद्रपक्ष्यांचं अभयारण्य आहे. उतारावरच्या गवतात आल्बाट्रॉसचं पिल्लू बसलेलं दिसलं. करड्या लोकरीच्या गोळ्याला चोच लावावी तसं. आई-बाप समुद्रावर हजारो मैल भटकून येणार आणि पोटातलं तेलकट अन्न त्याच्या चोचीत ओतणार, तोवर ते नुसतं बसून राहतं. नातू पाऊण तास कुंपणाला चिकटून होता.

हे पिल्लू नशीबवान, कारण त्याचा कडा उंच आहे. लेसन आल्बाट्रॉसांपैकी बहुतेक सगळे इथून वायव्येला, मिडवेसारख्या सपाट प्रवाळबेटांवर वीण करतात, आणि ती बेटं पाण्याच्या वर जेमतेम काही मीटर. त्याच पट्ट्यात ईस्ट आयलंड नावाची वाळूची एक लांबट पट्टी होती, सुमारे अकरा एकरांची. हवाईतल्या हिरव्या कासवांपैकी जवळजवळ निम्म्या माद्या तिथे अंडी घालायच्या, मंक सीलही तिथे पिल्लं द्यायचे. ऑक्टोबर २०१८मध्ये वालाका चक्रीवादळ तिच्यावरून गेलं आणि पट्टी जवळपास पुसली गेली. वादळं पूर्वीही यायची. पण समुद्र तापला की त्यांना जोर मिळतो आणि पाणी चढलेलं असलं की लाट आधीच एक पायरी वर उभी असते. मिडवेवरची आल्बाट्रॉसची काही पिल्लं उचलून ओआहू बेटावरच्या उंच जमिनीवर नेऊन वाढवली, म्हणजे मोठी झाल्यावर ती वीण करायला तिथेच परततील. आपल्याकडे धरणाखालचं गाव उठवतात, इथे पक्ष्यांचं पुनर्वसन.

दुपारी हनालेई. वरून पाहिलं तर भातखाचरांसारखे पाण्याचे चौकोन, पण आत भात नाही, अळू! ही गाडीतून उतरून बांधापर्यंत चालत गेली. आमच्याकडे याला धोपा म्हणतात. तिथे त्याचं नाव कालो. हवाईच्या लोकांचं हे मूळ अन्न. कंद उकडून, कुटून त्याचं पोई करतात. आम्ही चाखलं. हिचं मत : मीठ नाही, आंबूस आहे, पण ताप आलेल्या माणसाला द्यायला बरं. पानांची वडी करत नाहीत, हे कळल्यावर मात्र तिला त्या लोकांची कीव आली.

अळूच्या खाचरात पाणी तुंबलेलं चालत नाही, ते थंड आणि वाहतं लागतं. साधारण पंचवीस अंशांच्या वर गेलं की कंद कुजायला लागतो. म्हणजे ओढ्याचं पाणी कमी झालं किंवा कोमट झालं, की पहिला फटका या चौकोनांना. आणि जास्त झालं तर? एप्रिल २०१८मध्ये शेजारच्या वाइपा इथे चोवीस तासांत ४९.६९ इंच पाऊस मोजला गेला. १२६२ मिलिमीटर. आमच्या चंद्रपूरला अख्ख्या पावसाळ्यात जेवढा पडतो, तेवढा एका दिवसात. अमेरिकेतला तो विक्रम आहे. हनालेईचा रस्ता त्यात वाहून गेला होता.

तिसरा दिवस : कोकेए

मुलाने भाड्याच्या गाडीतलं तापमान माझ्यासाठी सेल्सिअसवर करून दिलं. वाइमेआ गावात, समुद्राच्या काठी, २७. तिथून रस्ता चढायला लागतो. उसाची जुनी पडीक शेतं, मग तांबडी माती, मग डाव्या-उजव्या वळणांवर एकदम वाइमेआची दरी उघडते. तिच्याबद्दल लोकांनी इतकं लिहिलंय की मी लिहीत नाही. मोठी आहे, लाल आहे, बघावी. माझं लक्ष आकड्यावर. २३. २०. १७. कोकेएला पोचलो तेव्हा चार वाजले होते आणि आकडा होता १५. उंची ११०० मीटर. लाकडी खोली, आत शेकोटी. हिने शाल काढली.

कोकेएत छोटं निसर्ग संग्रहालय आहे. आतल्या पिकल्या केसांच्या बाईंना मी सांगितलं की मी डासवाला माणूस आहे. त्यांनी खुर्ची पुढे केली.

मग जे ऐकलं आणि जे मला आधीच अर्धं माहीत होतं, ते एकमेकांत बसत गेलं. हवाईत मुळात डासच नव्हते. १८२६ साली माउई बेटावरच्या लाहाइनात एका जहाजाने मेक्सिकोतून भरलेली पाण्याची पिंपं ओढ्यात धुतली, त्यातून पहिल्या अळ्या उतरल्या. कुठला डास? क्यूलेक्स क्विंक्विफॅसिएटस. माझा डास! नालीतला, सेप्टिक टाकीतला, हत्तीरोग पसरवणारा, ज्याच्यापायी मी निम्मी नोकरी रात्रीची केली तो. पुढे बाहेरून आणलेल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांबरोबर पक्ष्यांचा हिवताप आला. तोही माझ्या ओळखीचा. रोनाल्ड रॉस यांनी १८९८मध्ये कोलकात्यात चिमण्या आणि चंडोलांवर प्रयोग करून डास हिवताप कसा वाहतो ते सिद्ध केलं, ते याच परजीवीवर आणि याच जातीच्या डासावर. प्रशिक्षणात आम्हाला ते तोंडपाठ करायला लावलं होतं. मला वाटायचं, पक्ष्यांचा हिवताप म्हणजे केवळ परीक्षेतला प्रश्न.

आपल्या चिमण्यांना या रोगाची हजारो पिढ्यांची सवय आहे. इथल्या पक्ष्यांना नव्हती. आशियातले रोझफिंच, म्हणजे हिवाळ्यात आपल्या शेतांमध्येही उतरतात त्यांचे भाऊबंद, पन्नास-साठ लाख वर्षांपूर्वी या बेटांवर येऊन पडले. एका घराण्यातून पन्नासहून जास्त जाती झाल्या. कुणाची चोच फुलात घालायला वाकडी, कुणाची शेंगा फोडायला जाड, कुणाची पानाच्या कळ्या उघडायला तिरपी कात्रीसारखी. आज सतरा उरल्यात. त्यातल्या शेंदरी इइवीला डास चावला तर दहातले नऊ मरतात. एक चावा पुरतो.

मग हे सतरा तरी कसे राहिले? थंडीमुळे. डासाच्या पोटात परजीवीला वाढायला ऊब लागते. सरासरी तापमान १३ अंशांच्या खाली असलं की वाढ थांबते. त्याच्या थोडं वर असलं तरी ती इतकी रेंगाळते की परजीवी तयार होण्याआधी डासच मरतो. त्यामुळे डोंगरावर एक न दिसणारी रेघ असायची. तिच्या खाली साळुंक्या आणि शामा, वर हवाईचे पक्षी. हवा तापली तशी ही रेघ वर सरकली. माउई आणि मोठ्या हवाई बेटावर डोंगर तीन-चार हजार मीटरचे आहेत, तिथे पक्ष्यांना थोडी तरी जागा आहे. कवाईचं सगळ्यात उंच शिखर कावाइकिनी, १५९८ मीटर. आपलं कळसूबाई त्याहून उंच भरतं.

बाईंनी काचेमागचे पक्षी दाखवले. ओओ : काळा, मांड्यांवर पिवळी पिसं. १९८१मध्ये शेवटची एक जोडी सापडली होती. १९८७मध्ये शेवटचा आवाज ऐकला. ऑक्टोबर २०२३मध्ये अमेरिकेच्या सरकारने हवाईचे आठ रानपक्षी कायमचे गेल्याचं जाहीर केलं, त्यातले चार एकट्या कवाईचे. ओओचं ध्वनिमुद्रण फोनवर मिळतं. नातवाने लावलं. बासरीसारखी शीळ, मग थोडी जागा सोडलेली, मग पुन्हा शीळ. तो म्हणाला, "मध्ये थांबतो कशाला?" जोडीने गाणारा पक्षी होता. मी काही बोललो नाही, बाईही नाहीत.

रात्रीच्या जेवणाआधी मी खोलीच्या मागे एक चक्कर मारली. सवय जात नाही. एक कुंडीखालची बशी, एक ताडपत्रीची खोळ, एक पांढरी प्लॅस्टिकची बादली. बशी आणि ताडपत्री स्वच्छ. बादलीत टॉर्च मारला. वळवळ होती. डोकं खाली, शेपटीची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला लावून तिरप्या लटकलेल्या सात-आठ अळ्या, आणि कडेला अंड्यांचा काळा तराफा, तांदळाच्या दाण्याएवढा. तराफा म्हणजे क्यूलेक्स. नेमकी जात सूक्ष्मदर्शकाशिवाय सांगू नये, हे मी कनिष्ठांना चौतीस वर्षं बजावत आलो, तेव्हा मीही सांगत नाही.

बादली मी लाथेने नाही, हाताने उपडी केली. अळ्या कोरड्या गवतावर ओतायच्या, ओढ्यात नाही.

चौथा दिवस : पिहेआची वाट

पहाटे काचेवर दव, बाहेर ९ अंश. मुलगा म्हणाला, "बघा, तेराच्या खाली आहे की!" त्याला सांगितलं, एका रात्रीचा पारा उतरला म्हणून खूश होऊ नये, सरासरी लागते. दुपारी तोच आकडा अठरावर गेला.

ही आणि सून खोलीवर थांबल्या. आम्ही तिघे पिढीजात गबाळे निघालो. वाटेच्या तोंडाशी बुटांचे तळवे घासायला ब्रश ठेवला आहे, शेजारी फवाऱ्याची बाटली. ओहिआची झाडं मारणारी बुरशी २०१८पासून कवाईतही सापडलीय, ती मातीतून पसरते. मी बूट दोनदा घासले. लोक न घासता जात होते. सरकारी सूचना न वाचण्यात जगात सगळीकडे एकी आहे.

वाट कड्याच्या धारेवरून जाते. डावीकडे कलालाऊची दरी थेट समुद्रात उतरते, उजवीकडे आलाकाईचं पठार, ढगात बुडालेलं. त्या टोकाला वाइआलेआले, जगातल्या सगळ्यात ओल्या जागांपैकी एक. चिखल असा की माझा डावा बूट दोनदा आतच राहिला. पुढे लाकडी फळ्यांची वाट लागली आणि झाडं बुटकी, वाकडी, शेवाळाने माखलेली झाली. ओहिआला लाल फुलं होती, केसरांचे नुसते गोंडे.

पहिला आला एलेपायो. पिंगट, मुठीएवढा, शेपटी वर करून. इतका जवळ की नातवाने श्वास धरला. मग वर गोंड्यांत लाल चमक : अपापाने. एक, मग तीन. पंखांचा फर्र आवाज करत एका झाडावरून दुसऱ्यावर. या जातीतले काही हिवतापातून वाचतात, म्हणून ती अजून आहे. पण वाचलेला पक्षी अंगात परजीवी बाळगून असतो, पुढच्या डासाला देतो. आमच्या भाषेत, वाहक. एक पिवळाधमक, अंगठ्याएवढा पक्षी क्षणभर दिसला. मुलाच्या मते तो अनिअनिआउ. मी हो म्हटलं, पण शपथेवर नाही. इइवी दिसला नाही. दोन तास थांबलो, दिसला नाही.

अकिकिकी दिसण्याचा प्रश्नच नव्हता. करड्या पाठीचा, खोडावर खालीवर फिरून किडे टिपणारा हा पक्षी फक्त याच पठारावर होता. २०१५पासून माणसं शिड्या घेऊन या जंगलात शिरली, झाडांच्या टोकावरच्या घरट्यांतून वाटाण्याएवढी अंडी काढून आणली आणि यंत्रात उबवून पिल्लं वाढवली. २०२३मध्ये रानात पाचच उरले होते. पुढे जवळजवळ तेही नाहीत. उरलेले हवाई आणि माउई बेटांवरच्या पिंजऱ्यांत आहेत. ऑगस्ट २०२३मध्ये माउईला आगी लागल्या, तेव्हा आग त्या केंद्राच्या कुंपणाशी आली होती आणि तिथल्या माणसांनी बागेच्या नळीने ती रोखली. ज्या पक्ष्याला डास मारतो म्हणून डोंगरावरून उचलून आणला, तो वणव्यात जायचा.

फळ्यांच्या बाजूला एका ठिकाणी जमीन उकरलेली होती. रानडुकरं. ती हापुउ नावाच्या झाडनेच्याची खोडं फाडून आतला गर खातात, आणि खोडाच्या पोकळीत पावसाचं पाणी साठतं. मी गुडघ्यावर बसून त्यात टॉर्च मारला. मुलगा म्हणाला, "बाबा, लोक बघतायत." बघू देत. पाणी चहासारखं तांबूस होतं, त्यात काही नव्हतं. इतका आनंद मला सेवेत असताना कोरड्या रांजणाने कधी दिला नव्हता. पण हीच पोकळी खाली, कोकेएच्या उंचीवर, काय होईल ते मला आदल्या रात्री कळलं होतं. आणि पाऊस कमी झाला तर बरं, असंही नाही. वाहता ओढा आटला की खडकांत डबकी राहतात, आणि डासाला डबकंच हवं असतं.

परतताना बाईंच्या संग्रहालयात पुन्हा डोकावलो. उपाय काय करताय ते विचारायचं राहिलं होतं. एवढ्या जंगलात गप्पी मासे सोडून चालणार नाही, फवारणी केली तर पक्ष्यांचे किडे आधी मरतील. त्यांनी सांगितलं, आम्ही डास सोडतोय. नर डास, त्यांच्यात वोल्बाकिया या जिवाणूचा वेगळा वाण घातलेला. नर चावत नाही. रानातली मादी त्याच्याशी जुळली की तिची अंडी उबतच नाहीत. माउईवर २०२३पासून हेलिकॉप्टरमधून सोडतायत, नंतर कवाईतही सुरू झालं. लाखांनी सोडावे लागतात आणि सोडतच राहावे लागतात, कारण दोन महिने थांबलं की खालून नवे चढतात.

हे तंत्र मला परकं नव्हतं. १९६७मध्ये ब्रह्मदेशात, रंगूनजवळच्या ओक्पो गावात याच डासावर ते करून पाहिलं होतं, हत्तीरोगासाठी, आणि गावातले डास गेलेही होते. दिल्लीतही सत्तरच्या दशकात डासांवर असंच काम चाललं होतं, ते वादात सापडून १९७५मध्ये गुंडाळलं गेलं. आमचे साहेब प्रशिक्षणात ही गोष्ट सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, ते सोडा, तुम्ही बादल्या पालथ्या करा. माणसांसाठी अर्धवट राहिलेलं काम पक्ष्यांच्या कामी येतंय, हे त्यांना सांगायला हवं होतं. साहेब आता नाहीत.

पाचवा दिवस : खाली

रात्रभर पाऊस. सकाळी मागे जाऊन पाहिलं, बादली तशीच उपडी होती. खोली सोडताना चावी देतो त्या खिडकीवर मी तिचं सांगितलं. मुलगा भाषांतर करताना थोडा लाजला. खिडकीतल्या माणसाने मात्र वहीत लिहून घेतलं.

उतरताना नातू पुढच्या सीटवर बसून आकडे मोठ्याने वाचत होता. अकरा. चौदा. सतरा. एकवीस. वाइमेआला अठ्ठावीस. पोइपूच्या वाळूत एक मंक सील गाढ झोपलेला होता, भोवती दोरी लावलेली, स्वयंसेवक लोकांना लांब ठेवत होते. ही म्हणाली, "सुखी जीव आहे." सगळ्यांनी फोटो काढले. समोसे मिळाले नाहीत म्हणून मुलाने फ्रेंच फ्राइज घेतले आणि साळुंक्यांनी त्यातले दोन पळवले.

विमानात खिडकीशी बसल्यावर खिशातली डायरी काढली. निवृत्त झालो तरी रोजचा अहवाल सुटलेला नाही, ही हसते. जुन्याच नमुन्यात लिहिलं. गाव : कोकेए. तपासलेली घरं १, दूषित १. तपासलेली भांडी ३, दूषित १. रिकामी केली १. आमच्या नमुन्यात उंचीचा रकाना कधीच नव्हता. चंद्रपूरला त्याची गरज काय! पट्टी नव्हती, म्हणून बोर्डिंग पासच्या कडेने एक रेघ मारून तो आखला आणि त्यात लिहिलं : ११०० मीटर.